कृत्तिका मोजताना

आमच्या वॉर्डातले एक काका दर हिवाळ्यात बालाघाटहून यात्रेची बस काढतात. त्या वर्षी द्वारका, सोमनाथ आणि पहिल्यांदाच कच्छचं रण होतं. बसवर बाबा ड्रायव्हर, म्हणून केबिनमध्ये मला जागा मिळाली. दिवसा बाबा चालवायचे, रात्री दुसरे ड्रायव्हर. बाबा वयानं मोठे, म्हणून त्यांना दिवसाची पाळी दिली असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. मी फार बोलत नाही, बघत बसते. तरी यामागचं खरं कारण माझ्या नजरेतून सुटलं होतं.

रणाजवळ पोचलो त्या दुपारी दुसरे ड्रायव्हर तापानं फणफणले आणि मागच्या लांब सीटवर पांघरूण घेऊन पडले. काकांनी जाहीर केलं, तारे बघायचे, जेवायचं आणि निघायचं. आज रात्रभर बाबा गाडी चालवतील. बाबा "हौ" म्हणाले. मग बराच वेळ ते बसभोवती फिरत एकेका टायरला लाथ मारून बघत होते.

अंधार पडल्यावर तिथला गाईड आम्हाला मिठावर घेऊन गेला. "मोबाइल बंद. आँखों को थोड़ा टाइम दो, सब दिखेगा," तो म्हणाला. अमावास्या जवळ होती. पायाखाली मीठ कुरकुरत होतं, थंडी हाडात शिरत होती. थोड्या वेळानं खरंच दिसू लागलं. आधी पांढरी जमीन, मग माणसांच्या आकृत्या, मग इतके तारे की मला बरं वाटण्याऐवजी भीतीच वाटली. बाबांनी माझ्या शालीचं टोक धरलं होतं. थंडीमुळं असेल, असं मला वाटलं.

गाईडनं हिरव्या किरणाचा टॉर्च वर रोखला आणि कृत्तिकांचा पुंजका दाखवला. कोणाला किती दिसतात, असं विचारलं.

"पाच," कोणी म्हणालं.

"सहा. चश्मा लाव ना तू."

"मले तं एकच धब्बा दिसते बापा," एक काकू म्हणाल्या आणि सगळे हसले.

"सहाच आहेत," बाबा म्हणाले. "मस्त दिसून राह्यले."

तेवढ्यात गाईडनं काही न बोलता किरण आमच्या डोक्यांवरून मागे, उत्तरेकडे नेला. सगळे त्याच्यामागे वळले. बाबा वळले नाहीत. लोक ध्रुवताऱ्याला "वा" म्हणाले तसे बाबाही "वा" म्हणाले, तोंड मात्र आधीच्याच दिशेला. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात धरला. पापणी हलली नाही.

शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकात रातांधळेपणावर दोन ओळी होत्या. त्या मी पाठ करून मार्क मिळवले होते.

लोक पुढे गेल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीच दिसत नाही?"

ते आधी हसले. मग म्हणाले, "पूर्ण काळोख असला तं नाही दिसत. दोन वर्सं झाली. हेडलाइट असते ना बेटा. कधी रात्री चालवा लागलं तं समोरच्या गाडीची लाल लाइट धरून चालवतो."

"आणि बिना लाइटची ट्रॉली आली तर?"

"अजून आली नाही."

"त्या ड्रायव्हरकाकांना माहीत आहे?"

"त्यालेच माहीत आहे. म्हणून तं रात्र तो घेते." शाल त्यांच्या मुठीत घट्ट झाली. "कोनाले सांगू नोको. एक रात्रच तं आहे. मालकाले कळलं तं उद्यापासून मी काय करू?"

परतताना माझ्या पुढं वॉर्डातलीच माणसं चालत होती. मी त्यांना पाठीवरून ओळखत होते. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी मी पंगतीला जेवलेली आहे.

बसजवळ सगळ्यांची जेवणं चालू असताना मी काकांपाशी गेले. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "काका, बाबांना रात्री दिसत नाही."

पत्रावळींवरचे हात थांबले.

"मंग आतापावतर आमची गाडी कोण चालवून राह्यलं होतं?" एकानं विचारलं.

"पोरीनं इतक्या दिवसांत तोंड उघडलं नाही," त्याच काकू म्हणाल्या, "अन् उघडलं तं बापावरच."

काकांनी बाबांकडे पाहिलं. "काहून रे, खरं आहे?"

बाबा बसच्या पायरीवर बसले होते, आतल्या दिव्याच्या उजेडात. ते "हौ" म्हणाले, दुपारी म्हणाले होते तसंच.

ती रात्र सगळ्यांनी बसमध्येच कुडकुडत काढली. पुढच्या मुक्कामाचं पहाटेचं देवदर्शन हुकणार, त्यावरून सकाळपर्यंत कुरकुर चालली. उजाडल्यावर बाबांनी गाडी काढली आणि अगदी नीट चालवली. पुढच्या रात्री ताप उतरलेले ड्रायव्हर बसले. बालाघाट येईपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी केबिनमधून उठून मागे गेले नाही. तिथंही माझ्याशी कोणी बोललं नसतं.

बसस्टँडवर बसचे मालक उभे होते. फोन आधीच पोचला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला. बाबांनी चावी काढून दिली आणि सीटखालची स्वतःची चादर, डबा, पाण्याची बाटली एकेक करून उचलली.

आम्ही घराकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी बाबा थांबले. दुपार होती, त्यांना सगळं दिसत होतं.

"तुह्या आईले तूच सांग," ते म्हणाले. "तुले जमते."

आणि ते तिथंच चहाच्या टपरीवर, घराकडे पाठ करून बसले. मी आत गेले.