तेल चढवून आणावे

वडिलांच्या पहिल्या मालिशीच्या तयारीत मी त्यांना जवळजवळ मारलंच होतं.

सदुसष्ट सालची थंडी. आम्ही जळगावजवळ पिंप्राळ्याला राहायचो. आबा तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. एका सकाळी दात घासता घासता ते मोरीत खाली बसले आणि उठलेच नाहीत. अर्धांगवायू! उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि तोंडातली सगळी भाषा जाऊन एकच शब्द उरला, "बस." पाणी हवं असलं तरी बस, पाणी पुरे झालं तरी बस. (आई दर वेळी घाबरून खाली बसायची.)

डॉक्टर म्हणाले, "औषधानं व्हायचं ते झालं. आता मालिश. हातपाय हलते ठेवा. पहिले दोन-तीन महिने वाया गेले, तर मग कठीण आहे."

नरडाण्याच्या मामांनी धुळ्यातल्या एका वस्तादांचं नाव सुचवलं. जुने पहिलवान, लकवा झालेल्यांना मालिश करायचे. मी पत्र टाकलं, आठवड्यात कार्ड आलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. मी मोठ्यानं वाचलं, "मंगळवारी सकाळी दहाला आणावे. रिकाम्या पोटी. अर्धा शेर तिळाचे तेल लसूण, ओवा, निर्गुडी घालून चढवून आणावे."

"चढवून?" आई म्हणाली. "मारुतीला चढवतात तसं?"

"वस्ताद आहेत ते. आखाड्यातली माणसं! त्यांची पद्धत असेल."

"अरे, पण अर्धा शेर?"

"अंगात मुरायला नको का?"

खाटेवरून आबा ओरडले, "बस!" डावा हात लांब करून ते कार्ड मागत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "होय आबा! बसनंच जायचंय! एसटीनं!" त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, समाधान झालं.

मंगळवारी पहाटे आम्ही त्यांना तेल चढवलं. सगळं! डोक्यापासून तळव्यांपर्यंत. बाहेर कडाक्याची थंडी, आबांचे दात वाजतायत, आणि मी लसणाच्या पाकळ्या त्यांच्या मानेवर चोळतोय. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नाही. चटणी वाटावी तसा घरभर वास. "बस! बस!" आबा डावा हात आपटत होते.

"आता होतच आलंय, आबा!" मी ओरडलो आणि उरलेलं तेल पाठीवर उपडं केलं.

मग लक्षात आलं, की या माणसाला आता उचलायचं कुठं धरून? काखेत हात घातला तर निसटतात, पाय धरले तर धोतरच हातात येतं. टांग्यातून स्टँडवर कसेबसे पोचलो. एसटीच्या पायरीवर मी वरून ओढतोय, टांगेवाला खालून ढकलतोय, आणि आबा आमच्या दोघांच्या मधून साबणासारखे सटकले! डोकं दांड्यावर आपटलं. भुवईवर रक्त आलं. त्या वेळी ते "बस" म्हणाले नाहीत.

"अहो, सीट खराब होईल," कंडक्टर म्हणाला. मग आबांना पाहिलं आणि स्वतःच गोणपाट आणून अंथरलं.

एरंडोलपर्यंत ते तीनदा सीटवरून घसरले. शेवटी मी त्यांना पिशवीतल्या दुसऱ्या धोतरानं सीटच्या पाठीला बांधलं. बांधलेला, डोळे मिटलेला, तेलकट माणूस! पारोळ्याला चढलेल्या एका आजीनं नीट निरखून पाहिलं, हात जोडले आणि हळूच विचारलं, "गयात का भाऊ?"

आबांनी डोळे उघडले. "बस!"

आजी पुढच्या सीटवर जाऊन बसली ती धुळं येईपर्यंत मागे वळली नाही.

वस्ताद लहानखुरे, सत्तरीचे. आबांना बघून ते दारातच थबकले. "तेल कोठे शे?"

मी आबांकडे बोट दाखवलं.

वस्तादांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, आपल्याच ओळीवर बोट ठेवलं. "मी काय लिखं व्हतं? कढवून. क-ढ-वून! उकळीसन बाटलीमा आनानं व्हतं, भाऊ!"

मी पुटपुटलो, "मला चढवून वाटलं. आबा काहीतरी सांगत होते, पण त्यांना बोलता येत नाही."

"ऐकू येस ना?"

"हो."

"मंग यासले ईचारं का नही? यासले बठ्ठं समजस."

सगळं समजत होतं त्यांना! तीन आठवडे मी त्या माणसाच्या कानात ओरडत होतो. कार्ड पुढे धरून "आबा, हे काय लिहिलंय?" एवढं विचारलं नव्हतं. आणि ओरडत तरी कशाला होतो? कान शाबूत होते त्यांचे!

वस्तादांच्या बायकोनं पाणी तापवलं, डाळीचं पीठ आणलं. तासभर आम्ही आबांना धुतलं. ते उन्हात बसले होते, भुवईवर हळदीचा लेप, आणि डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. दोन्ही डोळ्यांतून येत असणार, पण उजवी बाजू मला बघवली नाही. मालिश त्या दिवशी झालीच नाही. वस्तादांनी दूध पाजलं, अंगावर घोंगडी टाकली आणि पुढच्या मंगळवारी बोलावलं.

त्यानंतर दर मंगळवारी गेलो. वस्तादांनी मलाही मालिश शिकवली, घरी रोज सकाळी करायला. उजवा हात शेवटपर्यंत आला नाही. चार वर्षं आबा डाव्या हातानंच जेवले, आणि एका पावसाळ्यात गेले.

पाय मात्र आला. सातव्या महिन्यात मी तेलाची वाटी घेऊन खोलीत शिरलो, तर खाट रिकामी! आबा काठी टेकत, एकटे, अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसले होते. वस्तादांना सांगितलं, तर त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, तुझा बाप चालायला लागला तो तुझ्या मालिशीमुळेच.

खरंच होतं ते. ती चुकवायला दुसरा उपायच नव्हता आबांकडे!