दुसरा हव

"हव," तो म्हणायचा, आणि समोरचा माणूस निघून जायचा. चूक तिथेच व्हायची.

हव म्हणजे छत्तीसगढीतलं हो. रायपूरच्या गुढियारीत वाढलेल्या कुठल्याही मराठी पोराच्या तोंडी तो शब्द असतोच, पण याच्या तोंडी बहुतेक वेळा तेवढाच असे. आई त्याच्याशी वऱ्हाडीत बोले, गल्ली हिंदीत, आणि हा सगळ्यांना हव. पण त्याचे हव दोन होते. पहिल्याचा अर्थ फक्त "ऐकलं". मग तो खाली बघत उभा राहायचा. विचार पोचायचा, आत काहीतरी ठरायचं, मग तो हातातला छोटा टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि पुन्हा म्हणायचा, "हव." तो खरा.

तुम्ही म्हणाल, एवढं थांबायला वेळ कोणाला आहे? माझं भांडण तेच आहे. रायपूर राजधानी झालं आणि गावाला घाई सुटली. रस्ते रुंद झाले, साहेब लोक आले, त्यांना उतरायला हॉटेलं आली. थांबणं मात्र गावातून गेलं ते गेलंच.

अशाच एका नव्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी त्याला लावला होता. समजायला वेळ लागणाऱ्या, बोलताना अडणाऱ्या मोठ्या माणसांना चारचौघांसारखी नोकरी मिळवून द्यायची, सुरुवातीला शेजारी उभं राहून काम शिकवायचं आणि मग हळूहळू बाजूला व्हायचं, ही माझी नोकरी. तिशी ओलांडलेल्या या गड्याला सगळे बाबू म्हणत. मीही म्हणे, आणि दर वेळी स्वतःवर चिडे.

टॉवेलच्या घड्या घालणं हे त्याचं काम. "टॉवेलला चार कान असतात, कानाला कान लावायचा," असं मी शिकवलं होतं. तो दिवसभर "कान, कान" पुटपुटत घड्या घाली. पण मशीनमधून निघालेला प्रत्येक गरम टॉवेल आधी गालाला लावी. लोकांच्या खोलीत जाणारे टॉवेल ते! मी समजावलं, रागावले, एकदा तर हातातून ओढून घेतला. शेवटी लॉन्ड्रीतल्याच, जवळच्या अभनपूरहून येणाऱ्या एका बाईने एक विटका छोटा टॉवेल त्याला दिला आणि रोज सकाळी तो मशीनमध्ये गरम करून देऊ लागली. गाल त्याला, कान बाकीच्यांना. माझ्या सगळ्या प्रशिक्षणाला हे सुचलं नव्हतं.

त्या बाईला त्याचे दोन हवही कळले होते. ती काम सांगायची, दुसरीकडे एक चक्कर मारून यायची आणि दुसरा हव घेऊनच पुढे जायची.

मग नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्याला बाबूची दया आली. लॉन्ड्रीतल्या वाफेत हा बिचारा उभा, हे त्याला बघवेना. एका संध्याकाळी बाबूच्या आईचा मला फोन आला.

"मॅडम, बाबूले हार घातला हो आज. पेढे बी देले. मले वाटते, बक्षीस भेटलं."

आईने गल्लीत पेढे वाटले. मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या माणसाने त्याला परत पाठवलं. आईचा पुन्हा फोन. "काहून अडवलं त्याले? गेटवाला म्हणते, आता तुले आराम."

मी तशीच हॉटेलात गेले. अभनपूरची बाई मागच्या दारातच भेटली. "साहब पूछिस, घर म आराम करबे? ए हव कहि दिस," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

मॅनेजरने मला बसवलं, चहा मागवला. "मैडम, मैंने ज़बरदस्ती नहीं की. प्यार से पूछा. उसने ख़ुद हव कहा."

"एक बार कहा?"

"कितनी बार कहना पड़ता है?"

मी त्याला दोन हव समजावले. तो हसला नाही, उलट त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "मतलब, उसको बात समझ में नहीं आई थी. तो फिर मैं उसे मशीन के पास कैसे रखूँ?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? त्याला समजलं होतं म्हणावं, तर त्याने राजीखुशीने नोकरी सोडली. समजलं नव्हतं म्हणावं, तर तो नोकरीच्या लायकीचा नाही. त्याला कळतं, फक्त वेळ लागतो, हे तिसरं वाक्य मी तीन प्रकारे बोलून पाहिलं. तोवर मॅनेजरचा फोन वाजला. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल, आणि तो काढायला समोर एक सभ्य माणूस होता.

त्यानंतर त्याच्या नव्या कामासाठी मी बूढापाऱ्यातली दुकानं पालथी घातली, दवाखाने झाले, कॅन्टीन झाली. "हां हां, दीदी, देखेंगे," सगळे म्हणाले. पहिला हव सगळ्यांनी दिला.

शेवटी आईने बाबूला घेऊन वर्ध्याला, मोठ्या मुलाकडे जायचं ठरवलं. मी भेटायला गेले. सामान बांधून होत आलं होतं. बाबू कॉटवर बसला होता, मांडीवर तो विटका टॉवेल, गार.

"मोठा म्हणते, घरीच राहू दे त्याले, काही कमी पडू देत नाही," आई म्हणाली.

मी बाबूसमोर बसले. "दादाकडे राहायला जातोस?"

"हव."

मी थांबले. आईने भांडी बांधली, पुन्हा सोडून त्यात झारा घातला, पुन्हा बांधली. दुसरा आला नाही.

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "कामावर जायचं?"

"हव." आणि लगेच, खाली न बघता, टॉवेल खांद्यावर. "हव."

तो उठला, चपला घातल्या आणि दारात जाऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. पहिले काही महिने मीच त्याला न्यायला यायचे ना.

"घेऊन जा न त्याले, मॅडम," आई म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती आत गेली.

"हव," मी म्हणाले.

तो दारातच उभा राहिला, माझ्या दुसऱ्याची वाट बघत.