खिशातला कॉम्प्युटर आणि माझा कुर्ता

मंडळी, आज दुपारी ऑफिसात एक गंमत झाली. संध्याकाळपर्यंत मात्र ती गंमत वाटेनाशी झाली.

सिकंदराबादला आमची छोटी कंपनी आहे. आम्ही शर्टाच्या खिशात मावेल असा कॉम्प्युटर बनवतो. आज पहिले तयार नग हातात आले आणि जाहिरातीसाठी सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं.

फोटोग्राफर म्हणाला, "सब लोगां जेब में डालो." पुरुषांनी पटापट खिशात टाकले. मी आणि पद्मजा तशाच उभ्या, कॉम्प्युटर हातात धरून. मी कुर्त्यात, ती साडीत. खिसा एकीलाही नाही.

आमचे कुलकर्णी सर म्हणाले, "अगं, तुम्ही पर्समध्ये ठेवा ना." सगळे हसले. मीही हसले.

खरं तर या यंत्राचं माप ठरवायचं काम माझंच होतं. एक लाकडी ठोकळा घेऊन मी ऑफिसभर फिरायचे, प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात तो बसतो का बघत. माझ्या स्वतःच्या कपड्यांकडे एकदाही लक्ष गेलं नाही. मैत्रिणींनो, तुमचं गेलं असतं का?

घरी येताना आबिड्सच्या बाजारातल्या टेलरकडे थांबले. शिवायला टाकलेल्या कुर्त्याला खिसा लावा म्हटलं.

"लेडीज कुर्ते कू जेब?" मग टेप उचलत म्हणाला, "कित्ती बडी?"

टेपची गरज नव्हती. ते माप मला तोंडपाठ आहे.