संग्रहालयातला कौल

तुम्ही तिकडच्या मोठ्या संग्रहालयाबद्दल लिहिलंत, म्हणून आमच्या गावातल्याचं सांगते.

मी कॉलेज संपवून घरी आले तेव्हा माझे वडील पेठेतलं संग्रहालय सांभाळत असत. संग्रहालय म्हणजे मिठाची जुनी वखार. तिच्यात तोफेचे गोळे, फुटके शिलालेख आणि देवमाशाची एक बरगडी होती. वस्तूंची कार्डं मी इंग्रजीत लिहीत असे. ती वाचणारं वडिलांखेरीज फारसं कोणी नव्हतं, पण शुद्धलेखन चोख होतं.

रस्ता रुंद करताना थळच्या बाजूच्या एका कोळीवाड्याच्या वेशीवरची देवी हलवावी लागली. वडिलांनी ती आणली. कार्डावर मी 'स्त्रीदेवता, बहुधा स्थानिक' असं लिहिलं.

पावसाळा सरल्यावर त्या वाड्यातली एक कोळीण आली. बरोबर तिचा एकुलता एक, उंचापुरा मुलगा. त्याला मुंबईला आगबोटीवर खलाशाची नोकरी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आईच्या मनात नव्हतं. देवीने कौल दिला तरच पाठवीन, असं तिने बजावलं होतं, आणि देवी आमच्याकडे होती.

वडिलांनी 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी दाखवली. तिने पाटीकडे आदराने पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. वडिलांनी थोडा विचार करून पाटी भिंतीकडे वळवली.

तिने दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मुलाने जायचं, डावी पडली तर राहायचं. मग आम्ही बसलो. बंद करायची वेळ टळून गेली. बरगडी बघायला आलेले एक व्यापारी होते, तेही बसले.

"मास्तर, तुमच्या कचेरीत ऱ्हाऊन हिला पन उशीर करायची सवय लागली," कोळीण म्हणाली.

थोड्या वेळाने उजवी कळी पडली.

मुलगा आईकडे बघेना. हवं तर कौल पुन्हा लावा, आम्ही थांबतो, असं वडील हळूच म्हणाले.

"नको. सोताच गाव सोडून हितं बसलीय, ती दुसऱ्याला ऱ्हा कशी सांगंल?"

मुलगा सकाळी गेला. त्यानंतर बाजाराच्या दिवशी मासळी विकून झाली की ती देवीशेजारी येऊन बसू लागली. वडिलांनी तिथे एक पाट ठेवला.