मंदा सिस्टरांचा खोकला

चौथीचा वर्ग सुटला होता आणि मी मुलींना रांगेत उभं करत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. शाळेच्या वेळेत त्या कधी फोन करत नाहीत. "सुजाता, मंदाबाई गेल्या गं," एवढंच त्या बोलल्या आणि रडू लागल्या. मंदा सिस्टरांना सकाळी घरीच चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला नंतर कळलं. फोनवर रडणाऱ्या याच सासूबाईंनी एके काळी सिस्टरांना आमच्या घराची पायरी चढू दिली नव्हती. त्याला आता दहा वर्षं झाली.

आमच्या सणसरच्या आरोग्य उपकेंद्रात मंदा सिस्टर वीसेक वर्षं नर्स होत्या. उंच, सावळ्या, चालणं झपझप. गावातल्या निम्म्या पोरांच्या मांडीत त्यांची सुई गेलेली. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की लसींचा डबा घेऊन त्या उजाडायच्या आत मजुरांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर पोचायच्या, कारण एकदा गाड्या उसाच्या फडाकडे निघाल्या की बायका-पोरं दिवसभर सापडत नसत. बोलणं मात्र मोजकं. बाळाला टोचून झालं की आईला तीन गोष्टी सांगायच्या आणि त्या तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायच्या. मी शिक्षिका असल्यानं मला ही पद्धत फार आवडायची.

आमची ओवी सांगवीला, माझ्या माहेरी जन्मली. वहिनीचंही बाळंतपण तोंडावर आलं होतं, म्हणून महिना भरायच्या आतच मी तिला घेऊन सासरी आले. नवरा लोणी देवकरला कंपनीत, दिवसभर घरात मी, सासूबाई आणि बाळ. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर बाळाचं वजन करायला आल्या. वजन चांगलं भरलं. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली, तोंड फिरवून त्या पदरात खोकल्या. सासूबाईंनी पाणी दिलं. आठवडा झाला म्हणाल्या, उसाचं पाचट पेटवलेल्या शेतांतून येता-जाता धूर नाकात जातोय. आम्हालाही ते पटलं. त्या दिवसांत अख्खं गावच खोकत होतं.

त्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी ओवीला शिंका सुरू झाल्या. ताप नाही, काही नाही. एका दवाखान्यात दाखवलं, साधी सर्दी आहे म्हणाले. मग बारीक खोकला आला, मांजराच्या पिलाला ठसका लागावा तसा. आणि मग एका दुपारी पाजताना ती गप्प झाली. रडली नाही, हलली नाही. ओठ जांभळट दिसले आणि मी घाबरून उचलेपर्यंत पुन्हा गुलाबी झाले. मला भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाला बोलले नाही.

दोन दिवसांनी दीड महिन्याच्या लसीचा वार होता. ओवीला सहा आठवडे पूर्ण झाले होते. अंगणवाडीत माझा नंबर आला आणि ओवीला पुन्हा तो बारीक ठसका लागला. सिस्टरांच्या हातात सुई होती, ती त्यांनी खाली ठेवली. नेहमी सगळ्यांना विचारतात तसा ताप-जुलाबाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, "हिचा श्वास मधी थांबतो का?"

मी हो म्हणून मान हलवली आणि तेवढ्यात तो त्यांच्यासमोरच थांबला. ओवीचा चेहरा निळा पडत गेला. सिस्टरांनी तिला हातावर कुशीला वळवलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं श्वास घेतला आणि रडली. सिस्टरांनी तोवर दुसऱ्या हातानं एकशेआठला फोन लावलाही होता.

गाडी येईपर्यंत त्यांनी मला सगळं समजावलं. हा डांग्या खोकला असावा. मोठी मुलं खोकून खोकून दमतात आणि शेवटी श्वास आत ओढताना लांब शिट्टीसारखा आवाज येतो, उलटी होते, त्यावरून तो ओळखू येतो. पण एवढ्याशा जिवात तसा श्वास ओढायची ताकदच नसते. "त्ये खोकत न्हाय, थांबतंय," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना पुन्हा उबळ आली. त्या बाजूला झाल्या, भिंतीला हात टेकवून बराच वेळ खोकल्या आणि मग तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, दम खातायत. त्या भिंतीपाशी त्यांना काय उमगलं असेल, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. वळल्या तेव्हा त्यांनी तोंडाला मास्क बांधला होता. गाडीत त्या माझ्याजवळ बसल्या नाहीत, पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या.

बारामतीच्या दवाखान्यात ओवीला काचेच्या खोलीत ठेवलं. नाकात नळ्या, पायाला तारा, श्वास थांबला की किणकिणणारं यंत्र. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार खोकल्या-शिंकल्यातून पसरतो, लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर पुढं ओसरतो, त्यामुळे मोठ्या माणसाला तो नुसता न जाणारा खोकला म्हणून होतो आणि त्याच्याकडून बाळाला लागतो. घरात कुणी खोकतं का? कुणीच नाही, आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर दाराबाहेर आल्या. आत आल्या नाहीत. डॉक्टरांना म्हणाल्या, मला तीन आठवडे खोकला आहे, माझीही तपासणी करा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुजाता, तुझ्या लेकीला ह्ये माझ्याकडनं आलं असणार."

ओवीच्या आणि सिस्टरांच्या, दोघींच्याही तपासणीत डांग्या खोकलाच निघाला. डॉक्टर म्हणाले, कुणाकडून कुणाला गेलं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. सिस्टरांना त्या वाक्याचा आडोसा घेता आला असता. त्यांनी तो घेतला नाही. मी त्यांना निघून जा म्हणाले. ओरडलेही नाही, नुसतं तेवढंच म्हणाले. त्या गेल्या.

पुढचं मी इतरांकडून ऐकलं. औषध सुरू करून त्या पाच दिवस घरात कोंडून राहिल्या. सहाव्या दिवशी त्या बाहेर पडल्या आणि त्या तीन आठवड्यांत जिथं जिथं बाळाला हात लावला होता, त्या प्रत्येक घरी गेल्या. कोप्यांवरसुद्धा. अंगणात उभं राहायचं आणि सांगायचं, मला डांग्या खोकला झाला होता, मी तुमच्या बाळाला घेतलं होतं, आता घरातल्या सगळ्यांनी हे औषध घ्या, बाळाला साधी सर्दी दिसली तरी मला बोलवा. बरोबरीच्या एका बाईंनी त्यांना समजावलं होतं की औषधं वाटा, पण आपलं नाव कशाला घेता, नोकरीवर येईल. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, नाव घेतल्याबिगर लोक औषध घेत न्हाईत, साधा खोकला म्हणून सोडून देतात. कुठं शिव्या खाल्ल्या, कुठं चहा मिळाला. दोन घरांत बाळांना नुकतीच सर्दी लागली होती. दोन्ही बाळांना वेळेत औषध मिळालं आणि दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. आमच्या अंगणात मात्र सासूबाईंनी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. दार लावून घेतलं.

ओवी जवळपास महिन्यानं घरी आली. खोकला पुढं दोन-अडीच महिने पुरला. प्रत्येक उबळीनंतर दूध बाहेर, की पुन्हा पाजायचं. तिच्या उरलेल्या लसी आम्ही हट्टानं बारामतीला जाऊन घेतल्या. सिस्टर रस्त्यात दिसल्या की मी नजर वळवायचे. त्या मात्र थांबून ओवीकडे बघायच्या, जवळ न येता.

तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना होता, वैशाखातली दुपार. सिस्टर अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच बोलू लागल्या. मला खोकला न्हाय, आधी त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, बाळाला सहा आठवड्यांपर्यंत याची स्वतःची लस नसते, पण आईनं या महिन्यांत डांग्या खोकल्याची लस घेतली तर पोटातूनच त्याला थोडं बळ जातं. आपल्याकडं मिळणारी धनुर्वाताची सुई वेगळी, ही बारामतीच्या डॉक्टरांना विचारून घे. घरातल्या मोठ्यांनाही विचार. तीन गोष्टी झाल्या, आणि सवयीनं त्या थांबल्या, मी म्हणून दाखवण्याची वाट बघत. आतून सासूबाई आल्या. दार त्यांनी पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आत ये मंदे. किती उन्हात उभी ऱ्हातीस?"

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, तेव्हा कशाला सांगितलंत हो? कुणालाच कळलं नसतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला कळलं होतं की," म्हणाल्या. यापलीकडं त्या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मी मुलांना खरं बोला म्हणून रोज शिकवते. पण एवढं खरं, स्वतःच्या पायांनी घरोघर नेऊन दिलेलं, मी दुसऱ्या कुणाकडं पाहिलेलं नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मांडव पुरला नाही. ऊसतोडीच्या दोन बायका आपल्या गावाहून एसटीनं आल्या होत्या. ओवी माझ्याबरोबर होती. बुद्धवंदनेतलं त्रिसरण सुरू असताना ती त्यांच्या फोटोकडं टक लावून बघत होती. तिला सगळं माहीत आहे, ते सिस्टरांनीच तिला सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात गल्लीत बारसं होतं. सासूबाईंना चार दिवसांचा खोकला. त्या नवं लुगडं नेसून गेल्या, पण घरात शिरल्या नाहीत. अंगणात सतरंजी टाकलेली होती, तिथं आधीच दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या, एक सर्दीची, एक घसा धरलेली. आपल्याकडं आता असंच करतात, हे कुणाला सांगावं लागलं नाही. घुगऱ्यांची ताटं त्यांना बाहेरच आणून दिली. आत बाळाला पाळण्यात घातलं, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि सासूबाईंनी पदर तोंडावर धरून बाहेरून सूर लावला.