चार केस, सहा सेल आणि सुजाताची हनुवटी

माझ्या बहिणीच्या हनुवटीवर चार केस होते. ते मी काढायला नको होते, हे आता मला घरातल्या कोणीही नव्याने सांगायची गरज नाही. पन्नासेक वर्षं सांगून झालंय.

तेव्हा मी इंझोरीला शाळेत विज्ञान शिकवायचो. (माणूस बिघडायला एवढं पुरतं.) रविवारी वाशीमहून सुजाताला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा आधी एकटाच येऊन भेटून गेला होता आणि तिला मनापासून आवडला होता. लग्नानंतरही नोकरी सोडू नको म्हणणारा तो पहिलाच. पण मागच्या पाहुण्यांतली एक बाई "पोरीले दाढी फुटून राह्यली" असं बोलून गेली होती, आणि तेव्हापासून सुजाता आरसा सोडत नव्हती.

"विजेनं केस कायमचे जातात," मी एका मासिकात वाचलेलं ठोकून दिलं.

"मंग आधी सोताच्या मिशीवर कर!" माय म्हणाली. मायचं ऐकायला हवं होतं.

मी टॉर्चचे सहा सेल एकापुढे एक ठेवून कागदात गुंडाळले. ऋण टोकाची तार मणी ओवायच्या बारीक सुईला. धन टोकाची मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात, आणि ते फडकं सुजाताच्या मुठीत. सुई केसाच्या कडेनं मुळापर्यंत सरकवायची आणि मिनिटभर धरायची. तिथल्या खारट ओलाव्याचा दाहक क्षार होतो, तो मूळ जाळतो आणि केस चिमट्यात अलगद येतो. पहिला खरंच आला! मी अशी काही छाती फुगवली, की सुजातानं हसता हसता मूठ झटकली आणि सेल घरभर पसरले.

ते गोळा करून मी पुन्हा बांधले. उलटे! (धन-ऋण चुकलं की मी पोरांचे कान पिळायचो.) उरलेल्या तिन्ही केसांच्या मुळाशी सुई धरून झाली, पण आता एकही निघता निघेना.

"दादा, लय झोंबून राह्यलं! काहून निघत नाई?"

"मूळ खोल हाये. धीर धर."

शेवटी तिन्ही केस मी उपटलेच. त्यांच्या जागी तीन काळे ठिपके उरले. सुई धन टोकाला गेल्यानं तिचं लोखंड विरघळून कातडीत उतरलं होतं! साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं; ठिपके जागचे हलले नाहीत. "आता कोन्त्या तोंडानं बसू मी त्याच्यापुढे?" म्हणत सुजाता रडायला लागली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी मुलाच्या आईनं तिची हनुवटी धरून वर केली. मी दाराकडे सरकलो.

"गोंदलं व्हय?" बाई एकदम खुलल्या. "आजकालच्या शिकल्या पोरी कुठं गोंदतात! कोनाच्या हातचं हाये?"

सुजातानं सरळ माझ्याकडे बोट केलं. "दादाच्या."

लग्न जमलं. मांडवात विहीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. मानपानाचं काही राहिलं असेल म्हणून घाबरत गेलो, तर तिथे पाच बायका हात पुढे करून बसलेल्या.

"मास्तर," पहिली म्हणाली, "मले विंचू पायजे."

इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण इतक्या आदरानं माझ्याकडे कधी कोणी काही मागितलं नव्हतं. आणि मला येत होता फक्त ठिपका!