नाकारलेली विनंती

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस तसा भला, पण संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचा, आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढायचा. कामावरचे सोबती त्याला कुलूपराव म्हणत. बायको घरी पडदे शिवायची. मशीनवरची मान वर न करता ती म्हणायची, "अहो, आत मी बसलेय. मला कोण पळवणार?"

त्याचं सगळंच चूक होतं असंही नाही. मागे कुठल्याशा कचेरीतून त्याची माहिती फुटली, कोणीतरी त्याच्या नावावर सिमकार्ड घेऊन भलते उद्योग केले आणि पोलीस आले ते याच्या दारात. त्यामुळे नवी व्यवस्था आली तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली. आता माणसाची ओळख, दाखले, दवाखान्याचे कागद, सगळं त्याच्याच ताब्यात. माहितीचे कुलूपबंद तुकडे हजारो कंप्युटरांवर विखुरलेले आणि ते जुळवणारी किल्ली फक्त त्याच्या फोनमध्ये. "आता आपले मालक आपण," तो म्हणाला. बायकोला मात्र त्याने बजावलं, "अनोळखी काहीही आलं की 'नाही' दाबायचं. मला विचारत बसायचं नाही." तिने ते तंतोतंत पाळलं.

आज दुपारी तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पोटात रक्तस्राव होत होता.

"ऑपरेशन लगेच करायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांना कुठलं औषध चालत नाही?"

मागच्या ऑपरेशनला भुलीच्या एका औषधाने त्याचा जीव जाता जाता राहिला होता, एवढंच बायकोला माहीत होतं. नाव त्याला पाठ होतं, तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने त्या जुन्या दवाखान्यात फोन लावला. "आम्ही आता काहीच ठेवत नाही," पलीकडून उत्तर आलं, "सगळं पेशंटकडेच असतं."

त्याचा फोन उघडायचा तो चेहऱ्यावर, आणि तेही डोळे उघडे असतील तरच. तिने बोटाने त्याची पापणी वर केली. बुबुळ वर गेलेलं. 'कृपया स्क्रीनकडे पाहा,' फोन म्हणाला.

"बघा ना हो," ती म्हणाली. "एकदाच बघा."

नर्सने तिचा हात हलकेच बाजूला केला. "मालक बेशुद्ध असला तर त्याने नेमलेलं विश्वासाचं माणूस कागद उघडू शकतं. यांनी कोणाला नेमलं होतं?"

"हे कोणाला नेमणार? यांचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही."

नर्सने तिचाच फोन मागून घेतला. नाकारलेल्या विनंत्यांमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ होती. नर्सने ती त्याच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिली.

"ताई, तुम्हालाच नेमलं होतं. दोनदा विनंती आली होती. दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हटलंय."

तिने तारखा पाहिल्या आणि तिला ते दिवस आठवले. तेव्हा तो गप्प गप्प असायचा, ताटावरून अर्धपोटी उठायचा. काय झालं म्हटलं तर "काही नाही." तिला वाटलं, कामावर काही बिनसलं असेल. त्याला वाटलं असणार, हिला आपली जबाबदारी नको आहे. एका छताखाली राहणारी दोन माणसं, पण एकाने तोंड उघडून विचारलं असेल तर शपथ.

"मी आता हो म्हणते ना," ती म्हणाली. "कुठे दाबू?"

"आता त्यांनीच पुन्हा पाठवायला हवी."

डॉक्टरबाई थांबू शकत नव्हत्या. "त्यातल्या त्यात कमी धोक्याचं देते," त्या म्हणाल्या, "पण खात्री देत नाही." तिने सही केली. सही कसली, नुसत्या रेघोट्या.

ट्रॉली निघाली. ती कठड्याला धरून बरोबर धावत त्याच्या कानाशी वाकली. "अहो, ते तुम्ही होतात हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला नाही म्हटलं नाही हो."

दाराशी तिला थांबवलं.

"त्यांना ऐकू गेलं असेल का?" तिने विचारलं.

"माहीत नाही, ताई," नर्स म्हणाली आणि ट्रॉली आत गेली.